न दिसलेल्या पक्ष्याची नोंद

१. समज आणि मुद्दा

हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, उन्हाळा लागला की परत जातात, आणि बाकीचे वर्षभर इथेच असतात. परसातल्या पक्ष्यांच्या ऋतुबदलाबद्दल बहुतेकांची समजूत इथे सुरू होते आणि इथेच संपते. नोंद ठेवण्याची आपली रूढ पद्धतही याच समजुतीतून आली आहे. एखाद्या ठरलेल्या आठवड्यात बाहेर पडायचे, दिसतील त्या जातींची यादी करायची आणि गेल्या वर्षीपेक्षा ती लांबली की समाधान मानायचे. यादी करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण अशी यादी ऋतूबद्दल फार थोडे सांगते, आणि कित्येकदा चुकीचे सांगते.

परसात पक्षी दिसतो किंवा दिसत नाही, या साध्या घटनेत चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पक्षी खरोखर तिथे आहे का? असल्यास तो आवाज करतो, रंग मिरवतो अशा अवस्थेत आहे का? झाडांच्या पानांनी तो झाकला आहे का? आणि पाहणारा माणूस जागेवर आहे का? या चार गोष्टी एकमेकींपासून सुट्या केल्याशिवाय पक्षी ‘आला’ किंवा ‘गेला’ असे म्हणता येत नाही. त्या सुट्या करायच्या तर एकाच जागी, बारा महिने, ठरलेल्या वेळी, न दिसलेल्या पक्ष्यांसकट नोंद करावी लागते. अशा नोंदीत वर्षभर इथेच राहणाऱ्या पक्ष्यांचा ऋतुबदल पाहुण्यांच्या ये-जा इतकाच, किंबहुना जास्तच, मोठा निघेल असे माझे मत आहे.

२. सेमाडोहच का

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. भोवती मेळघाटचे सागवान. देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले त्यांत मेळघाट होता आणि फेब्रुवारी 1974 पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. गावात वस्ती मुख्यतः कोरकूंची. घरांमागे मका-भाजीचे परस, कुंपणाशी बोर-शेवगा आणि पलीकडे लगेच जंगल. त्यामुळे इथल्या एका परसात वस्तीचा पक्षी, शेताचा पक्षी आणि रानाचा पक्षी असे तिन्ही भेटतात.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. गाभा क्षेत्रातली सफारी पावसाळ्यात बंद असते. पर्यटक, छायाचित्रकार आणि हौशी पक्षिनिरीक्षक प्रामुख्याने दिवाळीपासून मेपर्यंत येतात. म्हणजे बाहेरच्या माणसांनी केलेल्या नोंदींत जून ते सप्टेंबर हा काळ विरळ राहणे अटळ आहे. आणि नेमक्या याच काळात इथे सर्वांत जास्त घडामोड असते. नवरंग दक्षिणेतून येऊन घरटे करतो, चातक आफ्रिकेकडून येतो, सुगरण पिवळी होऊन खोपे विणू लागते. तेव्हाची नोंद तिथे राहणारा माणूसच करू शकतो.

३. नोव्हेंबरची यादी काय लपवते

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटचा डॉ. सालिम अलींचा. शासनाने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून मेळघाटात काम केले होते, त्यामुळे इथे तर या सप्ताहाला जिव्हाळ्याचा अर्थ आहे. माझी हरकत तो आठवडा पुरेसा मानण्यालाच आहे.

त्या आठवड्यात सेमाडोहच्या परसात उभे राहिले तर काय मिळेल? सिपनेच्या दगडांवर करडा धोबी, पडक्या भिंतीवर शेपूट थरथरवणारा काळा थिरथिरा, झाडोऱ्यात वटवटे. सगळे पाहुणे, आणि सगळे ठळक. कोकीळ गप्प, पावशा गप्प. नवरंग गेलेला, चातक गेलेला. सुगरण नराने पिवळा रंग टाकलेला, त्यामुळे तो चिमणीच्या मादीसारखा दिसतो आणि थव्यात मिसळून जातो. जांभळ्या शिंजिराच्या नराचाही झगमगता रंग विणीनंतर उतरतो, मादीसारख्या फिक्या पिवळसर अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी तेवढी उरते. नवख्याला वाटते, नर निघून गेले.

ही यादी हातात घेऊन कोणी अनुमान काढले तर ते असे होईल: हिवाळ्यात पाहुणे भरपूर, कोकीळ आणि पावशा नाहीत, शिंजीर फक्त माद्या. यातले दुसरे आणि तिसरे अनुमान चूक आहे.

फेब्रुवारीत होणाऱ्या परसातल्या जागतिक पक्षिगणनेत भारत 2013 पासून सहभागी आहे. तिची अडचण उलटी आहे. तेव्हा सागाची पानगळ चालू असते, पळस फुललेला असतो, मधासाठी पळसमैनांचे थवे उतरतात आणि उघड्या फांद्यांवर सगळेच दिसते. पक्षी भरमसाट वाढले असे वाटावे अशी ती स्थिती असते. दोन्ही उपक्रम चांगले आहेत आणि चालू राहावेत. पण वर्षातल्या दोन बिंदूंवरून ऋतूची रेघ ओढता येत नाही.

४. घरचे पक्षी, ज्यांच्याकडे आपण पाहत नाही

स्थलांतर हा ऋतुबदलाचा सर्वांत दिसणारा प्रकार आहे, म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायम राहणाऱ्या पक्ष्यांचे वर्ष मात्र त्याहून गुंतागुंतीचे असते.

दयाळ घ्या. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत तो शेवग्याच्या शेंड्यावरून पहाटे गातो, नंतर गप्प होतो आणि कुंपणाखालच्या सावलीत किडे टिपत फिरतो. पक्षी तोच, जागा तीच, पण एका काळात तो रोज नोंदला जाईल आणि दुसऱ्या काळात आठवड्यातून एकदा. कोकिळेचेही तसेच. उन्हाळ्यात तिचे नसणे अशक्य वाटते आणि हिवाळ्यात असणे लक्षात येत नाही. पावशाची तर सारी ओळख आवाजावर आहे. वऱ्हाडातला शेतकरी त्याच्या हाकेत ‘पेरते व्हा’ ऐकतो. ती हाक थांबल्यावर तोच पक्षी झाडीत शिक्र्यासारखा दिसत राहतो आणि बहुतेकजण त्याला शिक्राच समजतात.

आता याच्या पुढची पायरी. पावशा आणि चातक दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाई परसातला सर्वांत सामान्य पक्षी. वर्षभर कलकलाट करत पालापाचोळा उलथवणारा, यादीत शेवटी लिहिला जाणारा, फोटो न काढला जाणारा. पण चातकाला इथे अंडी घालायला जागा मिळेल की नाही, हे सातभाई घरटे कधी करतात यावर ठरते, आणि पिल्लांना किडे मिळतील की नाही हे पावसावर. म्हणून चातक कोणत्या तारखेला आला हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. तो आला तेव्हा सातभाई घरट्यावर बसले होते का, हे शेजारी लिहिलेले असेल तरच तो बोलतो. पाहुण्याची नोंद अर्थपूर्ण व्हायची तर यजमानाची नोंद आधी हवी, आणि आज आपल्या याद्यांत नेमकी तीच कच्ची आहे.

५. सागाचे पान

मेळघाटात ऋतू पक्ष्यांच्या आधी झाडांत दिसतो. सागाची पाने हिवाळ्याच्या अखेरीस गळू लागतात, उन्हाळाभर खांबासारखी उघडी खोडे उरतात आणि पहिल्या पावसानंतर सुपाएवढी नवी पाने येतात. त्याच सुमारास पाहणाऱ्याची नजर पन्नास पावलांवरून दहा पावलांवर येते. मार्चमध्ये शंभर फुटांवरून दिसणारा हळद्या जुलैत डोक्यावर असूनही फक्त ऐकू येतो.

ही अडचण सोडवता येते. दिसलेला आणि ऐकलेला पक्षी वेगवेगळ्या रकान्यांत लिहावा, आणि त्याच ओळीत परसातून दिसणाऱ्या दोन-तीन झाडांची स्थिती टिपावी: साग निष्पर्ण की पालवलेला, पळस कळीवर की फुलावर, मोहाची फुले गळू लागली का. पुढे दोन वर्षे एकमेकांशी ताडून पाहताना कळते की पक्षी कमी झाले की पाने लवकर आली. झाडाची ही एक ओळ नसेल तर पक्ष्यांची पाने भरून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

पाण्याचेही असेच. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसे कळवळून गच्चीवर, झाडाला पाण्याची भांडी टांगतात. टांगायलाच हवीत. पण भांड्यावर वीस बुलबुल आले म्हणजे बुलबुल वाढले असे नव्हे, आजूबाजूचे पाणी आटले एवढेच त्यातून कळते. वैशाख पौर्णिमेला मेळघाटातल्या मचाणांवर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, तिथेही हेच ध्यानात ठेवावे लागते. ती वर्षातली सर्वांत कोरडी, सर्वांत उजेडी रात्र म्हणूनच निवडलेली असते.

६. ‘पहिला दिसला’ हा आकडा

ऋतूची नोंद म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिली तारीख येते. या परंपरेला मोठा वारसा आहे. इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने 1736 पासून आपल्या आवारातली पहिली फुले, पहिली पालवी, पहिली पाकोळी, पहिली कोकीळ यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी हे काम 1958 पर्यंत चालवले. हवामान तापत गेल्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्या वह्या आज अमूल्य वाटतात. आपल्याकडेही 2007 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राने स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा लोकांकडून गोळा करायला सुरुवात केली.

तरीही परसातल्या नोंदीचा पाया म्हणून पहिली तारीख कमजोर आहे. पाहणारे वाढले की पहिली तारीख आपोआप अलीकडे सरकते, कारण जास्त डोळ्यांना चुकार पक्षी लवकर दिसतो. गावात एकाऐवजी दहा घरांनी पाहायला सुरुवात केली तर नवरंग लवकर येऊ लागला असे वाटेल, आणि बदललेली असेल फक्त पाहणाऱ्यांची संख्या. मार्शमच्या वह्या विश्वासार्ह आहेत त्या पाहणारी घरे आणि आवार तेच राहिले म्हणून.

यापेक्षा भक्कम आकडा असा: या आठवड्यात सात सकाळी पाहिले, त्यांपैकी किती सकाळी हा पक्षी दिसला किंवा ऐकू आला? जूनच्या पहिल्या आठवड्यात सातांपैकी एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात सहा. ऋतू असा चढत येतो, आणि तो चढ एखाद्या चुकार पक्ष्याने बिघडत नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल याच तत्त्वावर उभा आहे. सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींमधून 942 जाती तपासताना, एकूण याद्यांपैकी किती याद्यांत ही जात आहे, हे प्रमाण पाहिले गेले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ कमी होत चालल्याचे त्यातूनच पुढे आले. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा पक्षी होता तो.

७. शून्य आणि रिकामी जागा

वरचे प्रमाण काढायचे तर न दिसलेले दिवस लिहिलेले हवेत. पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते, आणि पाऊस पडला नाही तर तिथे शून्य लिहितात. नोंद करणारा आलाच नाही तर जागा रिकामी राहते. शून्य आणि रिकामी जागा यांतला भेद पाटबंधारे खात्याला, शेतकऱ्याला, विमा कंपनीला, सगळ्यांना कळतो. पक्ष्यांच्या वहीत मात्र आपण दोन्हींना एकच करून टाकतो. ‘आज विशेष काही नाही’ म्हणून वही मिटतो.

ते विशेष नसलेले दिवसच ऋतूचे शरीर आहेत. नवरंग ऑक्टोबरमध्ये गेला हे कळायचे तर त्याची हाक न ऐकू आलेल्या सलग सकाळी लिहिलेल्या हव्यात. परतीची तारीख आगमनाच्या तारखेपेक्षा नेहमी धूसर राहते याचे कारणही हेच. आगमनाला आनंदाने लिहिणारा असतो, जाणे कोणी लिहीत नाही.

८. रानपिंगळ्याचा धडा

एवढ्या काटेकोरपणे तारीख, जागा आणि नसणे लिहायची गरज काय, असे विचारणाऱ्याला मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगतो. ती याच मुलखाशी बांधलेली आहे.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन केले. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद मिळेना. मधल्या काळात एक नोंद मात्र मानली जात होती: 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवी भागात रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी मिळवलेला नमुना. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला होता, तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी जागा आणि खोटी तारीख चिकटवली होती. त्या खोट्या चिठ्ठीने शोध भलतीकडे वळवला होता. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागांकडे वळल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो जिवंत दिसला. 113 वर्षे गेली होती. नंतरच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटातही आढळला, आणि आज त्याच्या ज्ञात संख्येचा मोठा आधार मेळघाट आहे.

यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. रानपिंगळा दिवसा फिरणारा पक्षी आहे. उघड्या सागाच्या शेंड्यावर भर उन्हात बसतो. या जंगलात मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपान तोडणाऱ्या, गुरे राखणाऱ्या माणसांच्या डोक्यावर तो त्या 113 वर्षांत बसलेला असणारच. विज्ञानासाठी तो नव्हता, कारण त्यांच्या पाहण्याला कोणी तारीख विचारली नाही.

९. आक्षेप

पहिला आक्षेप: एका परसातून जंगलाबद्दल काय कळणार? जंगलाबद्दल कमी, काळाबद्दल पुष्कळ. शंभर जागा एकेकदा पाहिल्या तर पसारा कळतो, एक जागा शंभर वेळा पाहिली तर बदल कळतो. दुसऱ्या कामासाठी परस उत्तम, कारण तिथे रोज जावे लागत नाही, माणूस तिथेच असतो.

दुसरा आक्षेप ओळखीचा: साध्या माणसाला वटवट्यांच्या जाती कुठे ओळखता येतात? त्याची गरज नाही. सातभाई, बुलबुल, दयाळ, कोकीळ, पावशा, चातक, नवरंग, शिंजीर, सुगरण, हळद्या, वेडा राघू, पळसमैना, धोबी, थिरथिरा. एवढे चौदा ओळखता आले तर सेमाडोहचे वर्ष पकडता येते. बाकीचे ‘ओळखता आला नाही’ म्हणून लिहावेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यात मान देण्याजोगे पुष्कळ आहे: कोरकूंना आणि शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, मग वही कशाला? ज्ञान त्यांचे खरेच, आणि बहुतेक निरीक्षकांपेक्षा खोल आहे. पण स्मरणात सरासरी टिकते, एखाद्या वर्षाचा फरक टिकत नाही. शिवाय आठवण सणांना बांधलेली असते. होळी 2023 मध्ये 6 मार्चला होती, 2024 मध्ये 24 मार्चला. ‘होळीला पळसमैना पळसावर होत्या’ ही दोन्ही वर्षांची खरी आठवण अठरा दिवसांचा फरक पोटात घेऊन बसते. नक्षत्रांची गोष्ट वेगळी. मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो, म्हणून ‘मृगाच्या पहिल्या आठवड्यात नवरंग ओरडला’ ही नोंद इंग्रजी तारखेइतकीच पक्की आहे. वही नक्षत्रांत लिहिली तरी चालेल, आणि पक्ष्यांची नावे कोरकूत लिहिली तर मला जास्त आवडेल. वही घरातच राहावी. बाहेरच्याने प्रत मागावी, मूळ नेऊ नये, आणि छापताना घराचे नाव हवे की नको हे त्या घराला विचारावे.

मोबाईलवर नोंद होते, वही जुनाट, हाही आक्षेप येतो. जिथे सतत नेटवर्क आहे तिथे अवश्य मोबाईल वापरावा. इथे वही आधी, मोबाईल नंतर.

१०. पाहणाराही हलतो

माझ्या मांडणीतली खरी अडचण चौथ्या गोष्टीत आहे: पाहणारा जागेवर आहे का. नोंदीचे काम शाळेला द्यावे असे पटकन सुचते. पण विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. नवरंग आणि चातक येण्याचे आठवडे सुटीत जातात. घरांना द्यावे, तर सुगी झाल्यावर मेळघाटातली कित्येक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात, होळीला गावी येतात, पुन्हा जातात आणि पेरणीआधी परततात. परसातला काळा थिरथिरा हजर असतो त्या काळात परसाचा मालक अचलपूर-अमरावतीच्या बांधकामावर असतो. नोंदीतली पोकळी अशी माणसाच्या पोटाशी जोडलेली आहे, आणि पक्ष्यांवर लिहिताना ती झाकणे मला अप्रामाणिक वाटते.

म्हणून एकट्या घराची वही इथे टिकणार नाही. तीन-चार घरांची मिळून एक वही असावी, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे ती हिवाळ्यात असावी. त्यांचे कान पहाटेच उघडे असतात. मोहाच्या दिवसांत ती वेचायला जाणाऱ्या बायांसोबत जावी, कारण उजाडण्याआधी झाडाखाली पोचणारे त्यांच्याइतके दुसरे कोणी नाही. शाळा मधल्या महिन्यांत सांभाळेल. भर पावसात जंगलातल्या संरक्षण कुट्यांवर वनरक्षक आणि वनमजूर असतात, गस्तीची नोंद ते रोज करतातच. त्यात सकाळची दहा मिनिटे, चौदा पक्षी आणि दोन झाडे वाढवायला वेगळा कर्मचारी लागत नाही. पण जे घर वर्षभर वही चालवेल त्याला मानधन मिळाले पाहिजे. पर्जन्यमापक वाचणे हे आपण काम मानतो. इथेही रोजच्या सकाळचेच काम आहे, आणि ते करणाऱ्याची एक मजुरी बुडण्याची शक्यता आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या पर्यटन उत्पन्नातून हा खर्च निघण्याजोगा आहे. पक्षी सप्ताहाच्या फलकांआधी तो निघावा, आणि पहिली वही येत्या मृगात सुरू व्हावी. नोव्हेंबरची वाट पाहिली तर वर्षाचा अर्धा भाग पुन्हा रिकामा जाईल.